दोडक्याखाली उभं राहून दुधीची बातमी

निवृत्त झाल्यापासून कुठल्याही लग्नकार्यात किंवा भिशीत मला एक किस्सा हमखास सांगायला लावतात. टीव्हीवरचा एक बातमीदार दोडक्याच्या मांडवाखाली उभा राहून विषारी दुधीची बातमी देत होता, तो किस्सा. मी तो रंगवून सांगते. लोक पोट धरून हसतात. मीही हसते आणि हसू ओसरायच्या आत विषय बदलते. कारण त्या किस्स्याला पुढचा भाग आहे आणि तो जेवायला बसलेल्या माणसांना सांगण्यासारखा नाही. यंदा दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहून द्या, असं अंकवाले म्हणाले. मी सगळंच लिहितेय. माझा राग अजून गेलेला नाही, तो कागदावर उतरला तर उतरू दे.

मी अन्न सुरक्षा अधिकारी होते. आधी याच पदाला अन्न निरीक्षक म्हणायचे. नाव लांबलं, खुर्ची तीच राहिली. लोकांना वाटतं आम्ही नुसत्या धाडी घालतो. खरं काम म्हणजे बरण्या, दोरा आणि लाख. दुकानात जायचं, पंच म्हणून दोन माणसं शोधायची. ती कधीच मिळत नाहीत, नमुना म्हटलं की भरलेला बाजार रिकामा होतो. मग जिन्नस घ्यायचा, त्याचे चार सारखे भाग करून चार बरण्यांत भरायचे, कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधायचे, गाठीवर लाखेचं सील मारायचं आणि विकणाऱ्याची सही अशी घ्यायची की अर्धी चिठ्ठीवर येईल आणि अर्धी वेष्टनावर. मध्ये कोणी बरणी उघडली तर सही तुटते. एक भाग प्रयोगशाळेत जातो, बाकीचे जपून ठेवायचे, उद्या कोणी अहवाल अमान्य केला तर पुन्हा तपासायला. अहवाल चौदा दिवसांत येतो. त्या चौदा दिवसांत आम्हाला नमुन्याबद्दल काही बोलता येत नाही, आणि टीव्हीला चौदा मिनिटंही गप्प बसता येत नाही. आमची सगळी भांडणं यातूनच निघालेली.

माझ्यासोबत निकमभाऊ असायचे. पदाने शिपाई, पण लाखेचं सील त्यांच्याइतकं सफाईने मारणारा माणूस मी पाहिला नाही. बोलायचे कमी. एकदा एक गृहस्थ कोबीचं पान घेऊन ऑफिसात आले आणि माझ्या टेबलावर ते लायटरने पेटवून दाखवायला लागले. पान काही पेटेना, म्हणजे ते प्लास्टिकचं आहे, असं त्यांचं म्हणणं. निकमभाऊंनी कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी पुढे केली आणि म्हणाले, आता ही पेटवा. पिशवी भसकन पेटली. गृहस्थ लायटर खिशात ठेवत म्हणाले, "तरी पण हा कोबी नाही."

अशा माणसांवर मी कधी चिडले नाही. त्यांना कोणीतरी घाबरवलेलं असायचं. ते कोणीतरी कोण, हे मला नीट कळलं ते दुधीच्या प्रकरणात.

उन्हाळ्याचे दिवस होते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यातून फोन आला की साठी ओलांडलेले पाटणकर म्हणून एक गृहस्थ दाखल झालेत, दुधीचा रस प्यायल्यानंतर तासाभरात उलट्या सुरू झाल्या, उलटीत रक्त आहे आणि रक्तदाब पार खाली गेलाय. मी आणि निकमभाऊ आधी त्यांच्या घरी गेलो. पाटणकरबाई नुकत्याच दवाखान्यातून कपडे न्यायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, हे गेली दोन वर्षं रोज सकाळी दुधीचा रस घेतात, साखरेसाठी. त्या दिवशीचा रस कडूजहर लागला. त्या म्हणाल्या होत्या, टाकून द्या. पण हे म्हणाले, कडू म्हणजे जास्त गुणकारी, आणि नाक दाबून पेला रिकामा केला.

अर्धा दुधी फ्रिजमध्ये होता. मी एक चकती कापून जिभेच्या टोकाला लावली. नियमात असं चाखणं बसत नाही, पण कधीकधी जीभ प्रयोगशाळेच्या आधी सांगते. मी लगेच बेसिनकडे धावले. ती चव अर्धा तास गेली नाही.

इथे थोडं समजावून सांगते. दुधी, काकडी, दोडका, भोपळा या एका कुळातल्या भाज्या. यांच्या रानटी पूर्वजांत एक कडू द्रव्य असायचं, कीड आणि जनावरं दूर ठेवायला. त्याचं नाव कुकुर्बिटासिन. माणसाने पिढ्यानपिढ्या गोडी फळं निवडत ते घालवलं. तरी कधी परागकणांची सरमिसळ होते, कधी ऊन फार तापतं, कधी वेलाला पाण्याची ओढ बसते, आणि एखाद्याच फळात ते परत येतं. शेकडो दुधी गोडे निघतील आणि एक कडू. बाहेरून ओळखता येत नाही. भाजीत असेल तर पहिल्या घासालाच माणूस थुंकतो. रसाचं तसं नसतं. तो औषध म्हणून घटाघट पितात. यात कुणी काही मिसळलेलं नसतं, कुणी काही टोचलेलं नसतं. उपाय इतका सोपा की सांगायला लाज वाटावी: रस काढण्याआधी एक तुकडा चाखायचा, कडू लागला तर टाकून द्यायचा. बस.

पाटणकरबाईंनी दुधी बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी बसणाऱ्या एका बाईकडून घेतला होता. तिची खूण सांगितली, म्हणून पुढच्या बुधवारी आम्ही गेलो. मंदाबाई तिचं नाव. मखमलाबादकडे त्यांचा मळा, पिढ्यांची भाजीपाल्याची शेती, नवरा रंगनाथ पिकवतो आणि ही विकते. शेतात आमचा कायदा जात नाही, पण माल विकायला मांडला की लागतो. मी ओळख आणि येण्याचं कारण सांगितलं तेव्हा ती घाबरली नाही, आधी तिने विचारलं, "बाबा कसा हाय आता?" मी म्हटलं, अतिदक्षतेत आहेत, पण डॉक्टर म्हणतात वाचतील. मग तिने स्वतःच एक दुधी कापला, फोड तोंडात टाकली आणि उरलेला माझ्यापुढे धरला. गोडा होता. मी पाच-सहा चाखले, सगळे गोडे. रीतसर नमुना घेतला, निकमभाऊंनी सील मारलं, मंदाबाईने सही केली. बर्फाच्या पेटीत घालून माल त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना झाला.

आम्ही सील मारत होतो तेव्हा कोणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका वाहिनीवर बातमी लागली. "तुमच्या ताटात विष?" हे शेवटचं प्रश्नचिन्ह फार कामाचं असतं. त्याच्या आडून काहीही म्हणता येतं आणि उद्या विचारलं तर सांगता येतं, आम्ही फक्त प्रश्न विचारला होता. पडद्यावर हिरवागार दुधी फिरत होता आणि त्याच्या पोटात सायकलच्या पंपाएवढी सुई खुपसत होते. मागे धडधड आवाज. खाली पट्टी पळत होती: नाशकात इंजेक्शनचा दुधी. इंजेक्शन कुठून आलं, हे मला आजही माहीत नाही. आमच्या नमुन्याच्या कागदावर तो शब्द नव्हता, डॉक्टरांच्या कागदावर नव्हता.

मग त्यांचा नाशिकचा बातमीदार तुषार दिसला. तिशीतला, तरतरीत मुलगा, मला चांगला ओळखायचा. खवा-बर्फीच्या बातम्यांना यायचा तेव्हा चहाही प्यायचा. तो एका मांडवाखाली वाकून उभा होता आणि आवाज दाबून कुजबुजत होता, जणू वेल ऐकतील. म्हणाला की आपण थेट त्या ठिकाणी आहोत जिथे हे विष पिकतं, माझ्या डोक्यावर तुम्ही पाहू शकता ते जीवघेणे दुधी. आम्ही पाच-सहा जण ऑफिसात बघत होतो. निकमभाऊंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे दोडके आहेत."

होतेच. चांगले लांब, शिरांचे दोडके. आम्ही इतके हसलो की वरच्या मजल्यावरून माणसं बघायला आली.

पुढचे चार दिवस तेच. रोज काहीतरी नवीन. एका चर्चेत एक योगशिक्षक, एक पुढारी आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी बसवले होते. पोलीस अधिकारी म्हणाले, याचे धागेदोरे परराज्यात असू शकतात. सूत्रसंचालिकेने विचारलं, दुधी माफियांना कोण पाठीशी घालतंय? पुढारी म्हणाले, आमचा पक्ष नाही. मग "घरच्या घरी ओळखा" असा कार्यक्रम झाला. त्यात सांगितलं की दुधी कानाशी धरून टिचकी मारा, मोबाइलचा उजेड टाका, आणि सालीवर बारीक भोक दिसलं की समजा इंजेक्शन दिलंय. भोक मोठं करून दाखवलं, त्याला लाल वर्तुळ. ते भोक फळमाशीचं होतं. फळमाशी कोवळ्या फळाला डंख मारून आत अंडी घालते, कोणत्याही शेतकऱ्याला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं. पण मग वर्तुळ कशाभोवती काढायचं?

ऑफिसात पिशव्या घेऊन लोकांची रांग लागली. एक सद्गृहस्थ चक्क दुधीची सोनोग्राफी करून आले. मित्राचं सेंटर होतं म्हणाले. कागदावर काळं-पांढरं काहीतरी होतं, मध्ये बिया. निकमभाऊंनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, सगळं नॉर्मल दिसतंय. आम्ही पुन्हा हसलो.

इथवर मी नेहमी सांगते आणि इथेच थांबते.

पाचव्या दिवशी तुषारने बाजारातलं ते मोबाइलवरचं चित्रण मिळवलं. मंदाबाईने सही करताना उन्हामुळे पदर कपाळावर ओढला होता. ते दृश्य हळू गतीने तीन-तीनदा दाखवलं. तिच्या चेहऱ्याभोवती वर्तुळ, आणि वाक्य असं: कॅमेरा दिसताच विक्रेतीने चेहरा लपवला. पुढच्या बुधवारी ती बाजारात आली तेव्हा एका माणसाने तिची पाटी लाथेने उडवली. शेजारच्या बायकांनी, ज्यांच्याबरोबर ती वीस वर्षं बसत होती, तिला सांगितलं की थोडे दिवस दुसरीकडे बस, आमचंही गिऱ्हाईक जातंय. मांडवावरचा माल तसाच जून होत राहिला. रंगनाथने तो गोठेवाल्याला फुकट देऊ केला. गोठेवाला म्हणाला, माझ्या म्हशींना नको.

हे मला तिने नंतर सांगितलं. त्या वेळी मी माझ्याच तंद्रीत होते, कारण त्याच आठवड्यात मीही टीव्हीवर आले होते.

आमचे साहेब दौऱ्यावर होते. त्यांनी फोनवर सांगितलं, दोन वाक्यं बोला आणि मोकळ्या व्हा. तुषार माईक घेऊन आला. मी नीट तयारी केली होती. मी म्हटलं, "कडू दुधीचा रस प्यायलात तर जिवावर बेतू शकतं, म्हणून रस काढण्याआधी एक तुकडा चाखा आणि कडू लागला तर टाकून द्या. याचा इंजेक्शनशी काही संबंध नाही." सोपी, स्वच्छ वाक्यं. मला वाटलं, चला, हे एकदा गेलं की झालं.

संध्याकाळी घरच्यांना घेऊन बातम्या बघायला बसले. पडद्यावर मी म्हणत होते, "दुधीचा रस प्यायलात तर जिवावर बेतू शकतं." 'कडू' हा शब्द पुढून कापला होता आणि 'म्हणून'च्या पुढचं सगळं मागून. खाली लिहिलं होतं: अधिकाऱ्यांची धक्कादायक कबुली. सासूबाई म्हणाल्या, फोटो चांगला आलाय.

मी तुषारला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, मी पूर्ण पाठवलं होतं, वर कापलं. मी विचारलं, वर म्हणजे कुठे? तो म्हणाला, वर म्हणजे मुंबईला. जणू मुंबईत कोणी माणसं नसतात, नुसती कात्री असते.

चौदाव्या दिवशी अहवाल आला. नमुना निर्दोष. कीटकनाशक मर्यादेच्या आत, बाहेरून घातलेलं काहीही नाही. पाटणकर तोवर घरी आले होते. मी वर्तमानपत्रांसाठी तीन वाक्यांचं टिपण लिहिलं: नमुना निर्दोष आहे, इंजेक्शनच्या अफवेत तथ्य नाही, आणि रस काढण्याआधी दुधी चाखून बघावा. साहेबांनी तिसरं वाक्य खोडलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. म्हणाले, "आपलं काम पास की नापास सांगणं. चाखा, टाका, हे आरोग्यवाल्यांनी सांगावं. उद्या कोणी चाखून आजारी पडला तर उत्तर कोण देणार?"

मी गप्प बसले. या सगळ्या लिखाणात मला सगळ्यांत जास्त वेळ हे एक वाक्य लिहायला लागला. मी गप्प बसले. टिपण दोन वाक्यांचं गेलं. एका पेपरात ते क्लासच्या जाहिरातीखाली चिकटवलेलं आलं. वाहिनीवर आलंच नाही. मी तुषारला विचारलं, अहवाल का नाही दाखवला? तो म्हणाला, "मॅडम, 'काहीच नव्हतं' ही बातमी कशी होईल?"

त्याऐवजी त्यांनी नवा कार्यक्रम सुरू केला. बाजारातल्या भाजीवर भरवसा नाही ना, मग गच्चीत पिकवा. कुंडीतला दुधी, भिंतीवरचा दुधी. घरच्या दुधीला इंजेक्शन नाही, तेव्हा निर्धास्त रस प्या. हे मी पाहिलं होतं. मला कळायला हवं होतं की घरच्या जुन्या बियांपासून, कुठूनही आलेल्या परागकणांनी धरलेल्या फळातच कडू निघण्याचा धोका जास्त. मला कळलंही होतं. मी मनात म्हटलं, एकदा पत्र लिहायला हवं. लिहिलं नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा नाशकातल्याच सिडको भागातल्या दवाखान्यातून फोन आला. वैशाली नावाची बाई, वय अडतीस, जवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा संजय दुसऱ्या कारखान्यात. दोन पाळ्यांत काम करणारं घर, चौदा वर्षांची मुलगी. वैशालीचं वजन वाढलं होतं, म्हणून तिने दुधीचा रस सुरू केला होता. सकाळी पाळीला जाण्याआधी रस प्यायली. बसमध्ये उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आम्ही पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. घरात माणसं बसलेली. मला आत जायची हिंमत होईना, पण काम होतं. संजय उठून बाहेर आला आणि आम्हाला घरामागे घेऊन गेला. मागच्या भिंतीवर वेल चढवलेला होता, सुतळ्या नीट बांधलेल्या, खाली आळं केलेलं. तिनेच लावला होता, तो म्हणाला, टीव्हीवर बघून. बी तिच्या आईने गावाहून दिलं होतं. दोन दुधी लटकत होते. निकमभाऊंनी एक काढला. मी चाखला. तीच चव.

संजय माझ्या तोंडाकडे बघत होता. तो म्हणाला, "पण हा घरचा आहे, मॅडम. याला कुणी हात लावला नाही. ती म्हणाली होती, कडू लागतोय. मीच म्हटलं, घरचा आहे, काही होत नाही, पी."

मी त्याला समजावून सांगितलं. इंजेक्शन कधी नव्हतंच, दुधी कधीकधी आपोआप कडू होतो, आणि कडू असला की तो प्यायचा नसतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

मी म्हटलं, हो.

"आम्हाला का नाही सांगितलं मग?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. सांगितलं होतं, पण कापलं. लिहिलं होतं, पण खोडलं. त्या भिंतीपाशी उभं राहून यातलं एकही बोलता येईना. निकमभाऊंनी त्या दिवशी सील मारताना लाख दोनदा सांडली.

दुसऱ्या दिवशी वाहिनीवर बातमी आली: दुधीने घेतला बळी, नाशकात विषारी दुधीचं सत्र सुरूच. आणि चित्र कुणाचं? मंदाबाईचं. तेच जुनं, पदर ओढलेलं, लाल वर्तुळातलं. वैशालीने बाजारातून दुधी आणलाच नव्हता. मंदाबाई तर पाच महिने बाजारात बसलीच नव्हती.

त्या दुपारी ती आणि रंगनाथ ऑफिसात आले. तिच्या हातात आमच्या अहवालाची प्रत होती, मीच पाठवलेली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "ही बाई मेली, ती माझ्या मालानं नाय मेली. पण टीव्हीत मीच हाय. मला तिथं घेऊन चला, जिथून हे सोडत्यात."

सरकारी माणसाने असं जाणं नियमात बसत नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निकमभाऊंनीही टाकली, न विचारता.

वाहिनीचं नाशिकचं ऑफिस द्वारका चौकाजवळ, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या वर होतं. दोन खोल्या, एक एसी, तुषार आणि एक संपादक म्हणवणारे गृहस्थ. मी अहवाल टेबलावर ठेवला आणि जे बोलायचं ते बोलले. सगळंच इथे लिहीत नाही. दोडक्यापासून सुरुवात केली. फळमाशी सांगितली. माझं कापलेलं वाक्य सांगितलं. मग संजयने मला काय विचारलं ते सांगितलं. संपादक म्हणाले, आम्ही यांची बाजू दाखवायला तयार आहोत. बाईंनी आपल्यावर कसा अन्याय झाला ते सांगावं, थोडं भावनिक झालं तर चांगलं.

मंदाबाई म्हणाली, मला माझं काही सांगायचं नाही.

तिने पिशवीतून एक दुधी काढला. घरच्यापुरते दोन वेल तिने ठेवले होते, त्यातला. रंगनाथकडून चाकू घेतला. तुषारने कॅमेरा लावला. तिने चकती कापली, चावली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "दुधी कापला का आधी तुकडा चाखायचा. कडू लागला तर टाकून द्यायचा. बाजाराचा असू द्या, घरचा असू द्या, माझा असला तरी टाकायचा. कडू म्हंजी औषध नसतं."

मग ती उठली आणि जिना उतरून गेली.

ते दाखवलं त्यांनी. दोन दिवसांनी, "हटके" नावाच्या शेवटच्या सदरात, एका मांजरीच्या व्हिडिओनंतर. मथळा होता: दुधीवालीचा अजब दावा. मागे गमतीचं संगीत, आणि ती चावते तेव्हा कुर्रम असा आवाज घातलेला. लोक हसले. मोबाइलवर ते फिरलं, माझ्याही भिशीच्या गटात आलं, खाली हसणारे चेहरे. मी संतापून मोबाइल उलटा ठेवला. मग पुन्हा लावून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, या वेळी काहीच कापलेलं नव्हतं. विनोद म्हणून घेतलं होतं, त्यामुळे कात्री लावायची गरजच वाटली नव्हती. माझ्या पदाने, शिक्क्याने जे वाक्य शेवटपर्यंत पोचवता आलं नाही, ते तिची टर उडवता उडवता त्यांच्याच हातून पूर्ण गेलं. मला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी सिडकोतल्या त्या भिंतीचा विचार करत होते आणि मधले पाच महिने मोजत होते.

महिन्याभराने मला परवानगीशिवाय माध्यमांकडे गेल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी एका ओळीत उत्तर दिलं की रजेवर होते आणि भाजीवालीसोबत गेले होते. साहेबांनी ते फाइलला लावलं आणि पुढे काही केलं नाही. तुषारने ती नोकरी सोडली, आता एका बिल्डरकडे जाहिरातीचं काम बघतो. एकदा रस्त्यात भेटला. म्हणाला, मॅडम, ते दोडके होते हे मला उभा असतानाच माहीत होतं. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. पण दुधीचा मांडव तिथून लांब होता आणि थेट प्रक्षेपणाची गाडी अकराला मुंबईशी जोडायची होती. मला वाटत होतं त्याला दोडका आणि दुधी कळत नाही, म्हणून मी इतकी वर्षं हसत होते. कळत होतं, हे ऐकल्यापासून तो किस्सा सांगताना माझा चेहरा नीट राहत नाही.

गेल्या दसऱ्याला मी मखमलाबादला गेले होते. मंदाबाईच्या मळ्यात आता मांडव नाही. तारा, बांबू सगळं विकून टाकलं. बांधापासून बांधापर्यंत झेंडू, पिवळा आणि केशरी, डोळे दिपतील असा. ती फुलं तोडत होती, कमरेला ओटी बांधलेली. मी म्हटलं, भाजी सोडलीत पूर्ण? इतकी चांगली भाजी होती तुमची. तिने ओटीतली फुलं पाटीत ओतली, हात झटकले आणि म्हणाली, "फुलं बरी, मॅडम. फुलं कुणी खात नाय."